सहनशक्तीचा पहिला नंबर

वेदना ही माणसामाणसांना जोडणारी एकमेव भाषा आहे, हे आमच्या संशोधन प्रस्तावातलं पहिलं वाक्य. ते मीच लिहिलं होतं, नागपुरात, पंख्याखाली, जेवण झाल्यावर. तोवर ही भाषा मी फक्त उंदरांकडून ऐकली होती.

प्रयोगशाळेत उंदराच्या मज्जारज्जूतल्या एका पेशीचे संकेत आम्ही स्पीकरवर ऐकायचो. पंजाला चटका बसला की लाह्या फुटल्यासारखा आवाज यायचा. उंदरांत ऐकलेलं माणसांत खरं ठरतं का, हे बघायला मला धानोऱ्याजवळच्या एका दवाखान्यात पाठवलं. एप्रिल होता. मोहाच्या फुलांच्या वासानं दुपारी डोळे जड व्हायचे. व्हरांड्याबाहेर सागाची वाळलेली पानं वाऱ्यानं तडतडायची, आणि अर्धवट झोपेत मला वाटायचं, अख्ख्या जंगलालाच कुणीतरी स्पीकर लावलाय.

काम सोपं होतं. मनगटाशी छोटी धातूची पट्टी ठेवायची, ती हळूहळू तापते आणि किती अंश झाले ते पडद्यावर दिसतं. दुखायला लागताच रुग्णानं बटण दाबायचं. ज्यांच्या नसा जास्त तक्रार करतात, म्हणजे जे लवकर दाबतात, त्यांना औषधाच्या गटात घ्यायचं. पण कुणी बटणच लवकर दाबेना. नागपूरहून आमचे प्रमुख फोनवर गहिवरले. "वनवासींची मज्जासंस्थाच वेगळी आहे!"

महिना संपत आला तेव्हा एक बाई आल्या. बरगडीवरची नागीण बरी होऊन वर्ष झालं होतं, आग मात्र तिथंच राहिली होती. लुगड्याचा पदर त्या अंगापासून वीतभर लांब धरून बसल्या. पंधरा दिवसांवर तेंदूपत्त्याचा हंगाम आला होता, आणि असं पदर धरून पानं तोडता येत नाहीत. पट्टी तापत गेली. बाईंच्या डोळ्यांतून पाणी आलं, पण बोट हललं नाही. शेवटी मशीन आपोआप बंद पडलं. नियमाप्रमाणे त्यांना काहीच दुखत नव्हतं.

"काऊन नाई दाबलं वो मावशी?" आमच्या नर्सताईंनी विचारलं.

"बाहेर ते खालच्या टोलीवरची बसली हाये ना. ते म्हणे, म्या सत्तेचाळीसपरेंत धरलं. मंग मी काय तिच्याहून कमी हाओ?"

मी व्हरांड्यात डोकावले. रुग्ण एकमेकांचे आकडे विचारत होते. दोन टोल्यांत, म्हणजे वस्त्यांत, चुरस लागली होती, आणि महिनाभर मी इमानेइतबारे तिचे गुण लिहीत होते.

"जाऊ मी?" बाई उठल्या. "औषध नाई भेटणार ना मले?"

तेव्हा आठवलं, नस दुखावलेल्या उंदराला नुसता हलका स्पर्श केला तरी त्याच लाह्या फुटायच्या. मी त्यांना बसवलं आणि पट्टीवरची धूळ झाडायचा मऊ ब्रश बरगडीवरून अलगद फिरवला.

"अगं माय वो!" त्या ताडकन मागं सरकल्या.

"लागलं?"

"लागते ना! आग आग होते!"

"मशीनवर तं एवढा वेळ गप होत्या तुमी," नर्सताई म्हणाल्या.

"तिथी पोळून राह्यलं होतं, तं नंबर होता. याच्यात काय नंबर लागते?"

बाईंचं नाव औषधाच्या गटात लिहिलं. त्या दिवसापासून सगळ्यांनाच तशी तपासणी सुरू केली, आणि प्रमुखांनी शोधलेली वेगळी मज्जासंस्था आठवड्याभरात आमच्या उंदरांसारखी निघाली. अहवालात त्या तपासणीचं नाव दीड ओळीचं आहे. ब्रश रंगकामाचा होता, चार नंबरचा, धानोऱ्याच्या स्टेशनरी दुकानातला.