सेलवर नाव कुठं टाकायचं

"आजोबा, ऐकू येतंय का?" प्रतिष्ठानचे अध्यक्ष माझ्या मामाच्या कानात ओरडले. पहिल्या खेपेला मामा ढिम्म. दुसऱ्या खेपेला मांडवावरची कबुतरं उडाली. तिसऱ्या खेपेला अध्यक्षांनी माझ्या हातातला माइक ओढून घेतला आणि त्यातून असे ओरडले की हिंगोलीच्या मांडवातला तो आवाज कळमनुरीच्या बाजारात ऐकू गेला असणार. मामानं मान हलवली. टाळ्या पडल्या, फोटो निघाला. तेवढ्या आवाजात मांडवाच्या खांबानंही मान हलवली असती. पण खांबाला शाल घालता येत नाही.

माइक माझ्या हातात होता, कारण प्रतिष्ठानचं सूत्रसंचालन दरसाल मीच करतो. शाळेत मास्तर आहे, आवाज मोठा आहे आणि हारांचं कौतुक करायला लाजत नाही. अध्यक्षांचा बियाण्यांचा धंदा. वडिलांच्या नावानं त्यांनी हे प्रतिष्ठान काढलंय आणि वडील गेले ते एप्रिलात, म्हणून दानही एप्रिलातच. एका साली आम्ही हिंगोलीच्या उन्हात ब्लँकेटं वाटली. घेणाऱ्यांपैकी दोघं तिथंच घेरी येऊन पडले आणि त्यांना वारा घालायला तीच ब्लँकेटं वापरली. पुढच्या साली पाण्याचा कूलर दिला. त्यावर वडिलांचं नाव एवढं मोठं, की तोटीला जागाच उरली नाही. ती मागच्या बाजूला, भिंतीकडं गेली. पाणी प्यायला माणूस पापडासारखा चपटा लागायचा. यंदा कानाची मशिनं होती, म्हणून वशिला लावून मी मामाचं नाव यादीत घुसवलं.

मामाला मशीन हवंच होतं. त्याचं गाव कनेरगाव नाक्याजवळ. मेंढरं घेऊन रोज वाशीमचा रस्ता ओलांडायचा आणि कान गेल्यापासून मागं ट्रक येऊन टेकला तरी याला पत्ता नाही. एका ड्रायव्हरनं हॉर्न वाजवून वाजवून हॉर्नचा घसा बसवला, शेवटी खाली उतरून मामाच्या खांद्यावर हात ठेवला. मामानं त्याला तंबाखू दिली. दर वेळी असा देवमाणूस थोडाच भेटतो? मामेभावानं निर्वाणीचं सांगून टाकलं होतं, की पावसाच्या आत म्हाताऱ्याला ऐकू यायला लागलं तर ठीक, न्हाईतर मेंढरं इकायची. मेंढरं गेली की मामाला उठून जायला जागा नव्हती. माणसांशी तो वर्षात जेवढं बोलायचा, तेवढं मेंढरांशी न्याहारीच्या आधी बोलून व्हायचं.

आणि मशीन चाललं. तसं अध्यक्षांचं भाषण एवढं लांबलं होतं, की निम्मा सेल त्यातच जळाला असेल. पण उरलेल्या निम्म्यावर मामानं आठ दिवस राज्य केलं. वाशीम सोडलेला ट्रक त्याला नाक्यावर ऐकू यायचा. मामी आजवर काय काय बोलत आली होती तेही कळलं, त्याचं मात्र त्याला वाईट वाटलं. मामेभाऊ गप्प झाला. नवव्या दिवशी मशीनही गप्प झालं. शर्टाच्या गुंडीएवढा सेल तो, संपला.

संपलेला सेल घेऊन मी प्रतिष्ठानच्या कचेरीत गेलो. सचिवांनी समजावलं, की प्रतिष्ठान वस्तू देतं. ती चालती ठेवणं धोरणात बसत नाही. मी म्हणालो, मग ही वस्तू न्हाई, दागिना झाला. तेवढ्यात अध्यक्ष आले. त्यांनी सेल बोटाच्या टोकावर घेतला, चष्मा वर केला, खाली केला. "गुरुजी, द्यायला काही तकलीफ न्हाई," ते कळवळून म्हणाले, "पण एवढ्याशावर बाबांचं नाव टाकायचं कुठं?"

इथं माझी जीभ वळवळली. म्हणालो, सेलवर मावत नसेल तर डबीवर टाका.

झालं. अध्यक्षांचे डोळे भरून आले. डबीसाठी उपसमिती बसली. वडिलांचा फोटो फेट्यातला की टोपीतला, यावर दोन बैठका झाल्या. डबी छापायला नांदेडला गेली, तिथून 'कैलासवासी' बारीक पडलं म्हणून परत आली. मोठं करायला पुन्हा गेली. दर खेपेला डबीही थोडी वाढायची. शेवटी ती एक किलो पेढे मावतील एवढी झाली. आत सहा गुंड्या.

आता विचाराल, तू काहून सेल घेतले न्हाईस? घेता आले असते. नांदेडला मिळतात, मोबाइलवरून मागवले तर घरपोच येतात. पण मी इरेला पेटलो होतो. ज्यानं मशीन दिलं त्याच्याकडूनच सेल काढून दाखवीन, असं मी शाळेत चहाच्या वेळी रोज सांगून राहिलो होतो, आणि प्रत्येक बैठकीचा किस्सा तिखटमीठ लावून ऐकवत होतो. मास्तर लोक हसून लोळायचे. मामाचा निरोप दोनदा आला. दोन्ही वेळा मी कळवलं, येऊन राहिलेत.

एवढ्यात नाक्याच्या वळणावर दोन मेंढरं ट्रकखाली गेली. मामा त्यांच्यापासून हातभर अंतरावर, पाठमोरा. मामेभावानं व्यापारी बोलावला. कळमनुरीचा, तीस वर्षांच्या ओळखीचा, मामाला भाईच म्हणणारा. तो दोनदा 'फिर देखेंगे' म्हणून परत गेला, तिसऱ्यांदा टेम्पो घेऊन आला. हे मला कुणी कळवलं नाही. कळवून मी एक किस्साच वाढवला असता.

डबी तयार झाली तेव्हा मृग लागला होता. अध्यक्ष, सचिव, फोटोवाला आणि मी अशी वरात मामाच्या दारी गेली. अध्यक्षांनी डबी फोटोवाल्याकडं धरली, मग मामाकडं. मी सेल बसवला. मामानं मान तिरकी केली. बराबर ऐकू येत होतं. मेंढरं कोंडायच्या वाडग्याचं दार उघडं होतं, आत काही नव्हतं. ते मी पाहिलं, अध्यक्षांनी पाहिलं नाही.

"आता मेंढरं राखायला काही अडचण न्हाई ना, आजोबा?" त्यांनी विचारलं. या वेळी हळू आवाजात.

"इकली परवा," मामा म्हणाला.