सख्ख्या भावाला न मिळालेला टाय

एप्रिलमध्ये आई पुण्यात वारली. साथीमुळे विमानं बंद होती. अंत्यविधी मी इथे परदेशात, टॅला नावाच्या उपनगरातल्या घरी फोनवर पाहिला.

त्यानंतर रोज सकाळी मी चालायला जाऊ लागलो. वाटेत एका फाटकाशी खुर्ची टाकून एक म्हातारा बसलेला असे. केसांचा कोंबडा काढलेला, मांडीवर ट्रान्झिस्टर. त्याच्या मते एकोणसत्तर सालानंतर जगात गाणं झालंच नाही, गोंगाट झाला. रोगाच्या बातम्या लागल्या की तो आवाज बंद करी. मात्र त्या काळचा एखादा गायक किंवा टीव्हीवरचा निवेदक वारला, की शोकाचा काळा टाय बांधून बसे. सख्ख्या भावासाठी बांधला नव्हता. म्हणे, "त्याला सूर कुठे होता?"

एकदा त्याने विचारलं, "तुमच्याकडे तेव्हा टीव्हीवर कोण असायचं?"

"टीव्हीच नव्हता. आई रेडिओ ऐकायची. ती मागच्या महिन्यात गेली."

"टीव्ही नव्हता? अरेरे, बिचारी!" त्याला तेच जास्त लागलं. मग म्हणाला, "गायची का?"

स्वयंपाक करताना ती म्हणायची ती ओळ मी म्हणून दाखवली. पुढचे शब्द मला येत नव्हते.

"साठ सालचं?"

"त्याच सुमाराचं."

दुसऱ्या दिवशी तो खुर्चीत बसला नव्हता, फाटकाशी उभा होता. गळ्यात काळा टाय होता. हात मिळवायला बंदी होती, म्हणून त्याने दोन मीटरवरून मान लववली. या देशात आईसाठी एवढा एकच माणूस उभा राहिला.

आता त्या गाण्याची एक ओळ उरली आहे. ती आम्हा दोघांना येते. त्याची चाल चुकते.