मशीन काय म्हणतंय?

आमच्या साडूंनी कधी कुणाला "कसे आहात?" असं विचारलं नाही. दार उघडलं की बूट काढता काढताच त्यांचा पहिला प्रश्न असे, "काय म्हणतंय?" नवख्या माणसाला वाटे, आपली चौकशी चालली आहे. तो बिचारा गुडघ्यांचं, रक्तदाबाचं सांगायला लागे. "तुमचं नाही हो, मशीनचं विचारतोय," असं म्हणून साडू त्याला ओलांडून पुढे जात आणि कंप्युटरशेजारी खुर्ची ओढून बसत.

गेल्या थंडीत ते गेले. इथल्या, दिल्लीतल्या मराठी मंडळींनी शोकसभा ठेवली आणि नात्यातला वडील माणूस म्हणून मला बोलायला उभं केलं. मी त्यांना मनमिळाऊ म्हणालो, मृदुभाषी म्हणालो, सर्वांना हवेहवेसे म्हणालो. 'मृदुभाषी' हा शब्द आला तेव्हा पुढच्या रांगेत बसलेल्या त्यांच्या बायकोने, म्हणजे माझ्या मेहुणीने, पदर तोंडाला लावला. लोकांना वाटलं, रडते आहे. परतताना गाडीत माझी बायको सुलभा म्हणाली, "आज नक्की कोण वारलं होतं?"

तेव्हापासून मला चैन नाही. मंत्रालयातल्या नोकरीत आयुष्यभर मी गोड मसुदे लिहिले, त्याचं कधी काही वाटलं नाही. पण ज्या माणसाला गोड खोट्याची चीड होती, त्याच्याच फोटोसमोर उभं राहून मी गोड खोटं बोललो. ते खोडून काढायला हवं. तर साडू मनमिळाऊ नव्हते. ते उद्धट होते, कुजकट होते, आणि मला ते कधीच आवडले नाहीत.

ते नोएडात एका सॉफ्टवेअर कंपनीत होते. निवृत्तीनंतर त्यांनी घरातली एक खोली जुन्या कंप्युटरांनी भरून टाकली आणि बायकोला त्या खोलीत झाडू मारायलासुद्धा बंदी केली. सगळी मशीनं विंडोजऐवजी फुकटच्या लिनक्सवर. तयार सॉफ्टवेअर ते घेत नसत. मूळ कोड उतरवून घ्यायचा आणि आपल्या मशीनवर स्वतः कंपाइल करायचा, म्हणजे त्यातून चालतं सॉफ्टवेअर घडवायचं, हा त्यांचा धर्म. आमच्या मुलाने एकदा त्यांना विचारलं, "काका, एक बटन दाबून इन्स्टॉल होतं यार, एवढा उपद्व्याप कशाला?" साडू म्हणाले, "तू लग्नसुद्धा बटन दाबूनच केलंस. बघतोय ना आम्ही." त्या वेळी मुलाचं घटस्फोटाचं चाललं होतं. साडू असे होते.

माझी न् त्यांची खरी गाठ पडली ती सुलभाच्या डोळ्यांमुळे. तिच्या दोन्ही डोळ्यांचे पडदे खराब होत चालले होते. आधी बारीक अक्षर गेलं, मग मोठं. घरात आम्ही त्याला 'थोडा त्रास' म्हणत असू. मुलगा फोनवर विचारी, "आईचा त्रास कसा आहे?" डॉक्टरसुद्धा माझ्याकडे बघून "थोडी दिक्कत तो रहेगी" असंच म्हणत. सुलभा कादंबऱ्यांवर जगणारी बाई. दिल्लीत मुलांचं मराठी पातळ होत गेलं, पण तिचं पुस्तकांमुळे शाबूत राहिलं. मी तिला वाचून दाखवायला लागलो. मला कादंबरीतली वर्णनं कंटाळवाणी वाटतात, ती मी गाळत असे. तिला ते लगेच कळे. एकदा ती म्हणाली, "मला माझं माझं वाचायचंय हो. तुमच्या आवाजात, तुमच्या मर्जीनं नाही."

फोनमध्ये वाचणारा आवाज असतो, पण तो मराठी हिंदीच्या चालीवर वाचायचा. दोन पानांत ती वैतागली. तेव्हा साडू म्हणाले, एक फुकटचं वाचक सॉफ्टवेअर आहे, त्याच्या मूळ कोडात मराठीसाठी फेरफार करता येतात. ते फेरफार ते स्वतः करणार होते. फक्त ते आमच्या जुन्या लॅपटॉपवर कंपाइल करावं लागणार होतं. "आणि ते साहेब करतील," माझ्याकडे बोट दाखवून ते म्हणाले. मी अवर सचिव म्हणून निवृत्त झाल्यापासून ते मला 'साहेब' म्हणत. त्यात आदर नव्हता.

दर रविवारी ते नोएडाहून मेट्रोच्या ब्लू लाइनने थेट आमच्या द्वारकेला येत. अख्खं शहर आडवं कापून यायचं, पण कीबोर्डला हात लावायचा नाही, हा त्यांचा नियम. "मी बसवून दिलं तर मी मेल्यावर तुम्ही काय करणार? बोटं तुमची, शिव्या माझ्या. चलो." मग मी टाइप करायचं आणि त्यांनी शेजारी बसून नाकातून उसासे सोडायचे.

पहिल्याच दिवशी पडदाभर लाल एरर आल्या. मी सवयीप्रमाणे शेवटची ओळ वाचली आणि ती इंटरनेटवर शोधायला निघालो.

"कुठे चाललात?" साडू म्हणाले.

"हे काय, लिहिलंय ना, एरर टू म्हणून. तेच शोधतोय."

"ती नुसती बोंब आहे. पेशंट ओरडतो ते खाली, दुखणं असतं वर. वर जा."

मी वर गेलो.

"आणखी वर. पहिली एरर वाचा. मोठ्याने. जशी आहे तशी."

पहिली एरर साधी होती. हेडर फाईल नावाचा कोडचा एक तुकडा सापडत नव्हता. तो ज्या पॅकेजात मिळतो ते मशीनवर घातलं आणि पुन्हा कंपाइल केलं, तर पडदाभर लाल निम्म्याहून कमी झालं. मला आनंद झाला. मी सुलभाला हाक मारली. साडू म्हणाले, "साहेब, बारसं करू नका, अजून कळा चालू आहेत."

काम लवकर उरकावं म्हणून मी एकदा कुठूनतरी वाचून, एकाच वेळी चार कामं चालवण्याची सूचना मशीनला दिली. एरर एकमेकींत मिसळून आल्या. पहिली कुठली हे कळेना. साडूंनी कपाळावर हात मारला. "चार मजूर एकदम बोंबलायला लागले तर पाय कुणाचा मोडलाय ते कळेल का? एकेकाला बोलू द्या. आणि आधी सगळं झाडून काढा. जुन्या बिल्डचा, अर्धवट कंपाइलचा कचरा तसाच ठेवून नवीन बिल्ड करणारा माणूस घरी अंघोळ करतो का, मला शंका आहे."

हे सगळं सुलभासमोर. ती सोफ्यावर बसून हसू दाबत असे. मला त्या रविवारांची धास्ती बसली. बायकोने थालीपीठ लावलं तर साडू ते खाऊन म्हणत, "मीठ कमी आहे, ताई," आणि वर तिसरं मागत. आभार कधी नाहीत. मेट्रो स्टेशनपर्यंत सोडतो म्हटलं तर "पाय आहेत मला" असं म्हणून निघत.

आणि मग मी तो उद्योग केला. आठवड्यामधल्या एका दिवशी मी एकटाच बसलो होतो. एरर एकच उरली होती: अमुक लायब्ररीची, म्हणजे वाचकाला लागणाऱ्या तयार कोडच्या गठ्ठ्याची, दुसरी आवृत्ती सापडत नाही. मशीनवर तिसरी आवृत्ती होती. सरळ मार्ग लांबचा होता, आणि रविवारी साडूंचं तोंड बघण्याआधी मला काम संपवायचं होतं. इंटरनेटवर कुणीतरी लिहिलं होतं, तिसऱ्या आवृत्तीच्या फाईललाच दुसरीचं नाव लावून द्या, मशीनला कळत नाही. मी लावलं. मशीनला कळलं नाही. एरर गेली, बिल्ड पूर्ण झाला, आणि लॅपटॉप मराठी बोलायला लागला. सुलभाने टाळ्या वाजवल्या. मी साडूंना फोन करून सांगितलं, "झालं." ते म्हणाले, "अच्छा? रविवारी बघतो."

आवाज छान वाचायचा. फक्त सुलभाने वेग कमी करायला बटन दाबलं की तो मधेच मरायचा. ती म्हणे, "असू दे, जुना लॅपटॉप आहे, दमत असेल." घाईघाईने वाचणारा तो आवाज ती तसाच ऐकत राहिली. निम्मं निसटत असणार. तक्रार तिने केली नाही, कारण मी किती खूश होतो ते तिला माहीत होतं.

रविवारी साडूंनी तिच्याकडून वेग बदलून घेतला. आवाज मेला. त्यांनी मला काही आज्ञा टाइप करायला लावल्या आणि दोन मिनिटांत त्या नाव बदललेल्या फाईलपर्यंत आले.

"हे कुणी केलं?"

"मीच. चालतंय की. वेग नाही बदलला तर—"

"चालतंय?" ते उभे राहिले. "दुसऱ्याच माणसाच्या दारावर पाटी लावली आणि म्हणता घर सापडलं! मशीन ओरडून सांगत होतं काय नाही ते, तर तुम्ही त्याचं तोंड बांधलंत. ताई आंधळ्या होताहेत, साहेब. आंधळ्या. त्यांना हे आयुष्यभर वापरायचंय. आणि तुम्ही मशीनलासुद्धा सांगताय, थोडा त्रास आहे म्हणून!"

तो शब्द आमच्या घरात तोवर कुणी उच्चारला नव्हता. मी म्हणालो, "निघा. आत्ता निघा. या घरात पुन्हा पाय ठेवायचा नाही." साडूंनी बूट घातले, नाड्या नीट बांधल्या आणि गेले. मी दार आपटलं.

सुलभा सोफ्यावर तशीच बसली होती. मी तिची समजूत काढायला लागलो. तो माणूस मूर्ख आहे, त्याच्याकडे लक्ष देऊ नकोस, डॉक्टर काय म्हणाले आठव.

"डॉक्टर काय म्हणाले?" ती म्हणाली.

"थोडा—"

"मी आंधळी होतेय," ती म्हणाली. अगदी शांतपणे. "मला केव्हाच कळलंय. तुम्हाला बोलता येत नव्हतं म्हणून मीही बोलत नव्हते. दोघांनी किती दिवस नाटक केलं हो. दमले मी." मग ती रडली, आणि मीही. तेवढं झाल्यावर तिने आमच्याकडे काय काय बदलायला हवं ते सांगायला सुरुवात केली. गॅसची बटणं, औषधांच्या बाटल्या, पांढरी काठी. सगळं तिने मनात ठरवून ठेवलेलं होतं. फक्त कुणाशी बोलायची सोय नव्हती.

साडूंना तिनेच फोन केला. पुढच्या रविवारी ते आले. मी माफी मागितली नाही, त्यांनीही नाही. बूट काढत म्हणाले, "काय म्हणतंय?" मी ती खोटी पाटी काढून टाकली होती, म्हणून एरर परत आली होती. मी ती मोठ्याने वाचून दाखवली. त्या दिवशी लांबच्या मार्गाने गेलो. लायब्ररीच्या जुन्या आवृत्तीचा कोड आणला, तो वेगळा कंपाइल केला, आपल्या जागी ठेवला, मग वाचकाला त्याचा पत्ता दिला. संध्याकाळ झाली. सुलभाने बटन दाबून वेग कमी केला, आणखी कमी केला. आवाज चालत राहिला. मी साडूंकडे पाहिलं. वाटलं, आता तरी काही बरं बोलतील. ते म्हणाले, "सकाळी केलं असतंत तर जेवायला घरी पोचलो असतो."

त्यानंतर ते क्वचित आले. हृदयाचा आजार त्यांनी घरातसुद्धा सांगितला नव्हता. जगाचं दुखणं वर जाऊन शोधणारा माणूस स्वतःच्या छातीतल्या कळेला गॅस म्हणत राहिला, याचा मला आजही राग येतो. मेहुणी म्हणते, "मी विचारलं की अंगावर यायचे." दिवसकार्य झाल्यावर तिने ती खोली रिकामी केली. सगळे कंप्युटर कबाडीवाला हातगाडीवर घालून घेऊन गेला. "तुम्हाला वाईट वाटेल भाऊजी," ती म्हणाली, "पण त्या मशीनांच्या पंख्यांची घरघर थांबली आणि मला किती वर्षांनी गाढ झोप लागली." मला वाईट वाटलं नाही. तिचं बिल्कुल बरोबर होतं.

मागच्या महिन्यात लॅपटॉपने आपण होऊन काही अपडेट घेतलं आणि सुलभाला वाचून दाखवणारा आवाज बंद पडला. विचारायला कुणी नव्हतं. दोन दिवस तिची कादंबरी ऐन मध्यावर अडकली. मी पडद्याला डोळे लावून बसलो. एकेक ओळ वाचत गेलो, चुकत गेलो, झाडून काढलं, पुन्हा केलं. शेजारची खुर्ची मी सरकवून ठेवली होती, पाय ठेवायला. दुसऱ्या दिवशी जेवणाआधी आवाज पुन्हा बोलायला लागला.

सुलभाने लॅपटॉप मांडीवर घेतला. मी तिच्याजवळ बसायला गेलो, तर म्हणाली, "तुम्ही जा आता. आणि दार ओढून घ्या."

मी बाल्कनीत जाऊन बसलो. दारामागून वाचणं ऐकू येत होतं, संथ, एक शब्द न गाळता. कुठल्यातरी गावाच्या नदीचं लांबलचक वर्णन चाललं होतं. तेवढ्यात डोक्यावरून विमान उतरत गेलं. तिने आवाज थांबवला. विमान लांब गेल्यावर ती दोन वाक्यं मागे गेली आणि पुन्हा ऐकायला लागली.