दयानंदच्या लाल गाडीचा टप

गाडी गॅरेजमध्ये दोन दिवस राहते, मालक चहा पिऊन तिला घेऊन जातो, आणि गोष्ट तेवढी मागे राहते. भिवंडीत कल्याण रोडवरच्या आमच्या शेडमध्ये अशा गोष्टी इतक्या साठल्यात, की एक काढली की चार बाहेर येतात. आमचं काम गाड्या सजवायचं. सीट कव्हर, काळी फिल्म, सीडी प्लेअर, हॉर्न. मी आणि इकबालचाचा. चाचा मूळचा आझमगडचा, आधी लूमवर, म्हणजे यंत्रमागावर होता, मग पत्र्याच्या कामात आला. त्या वर्षांत पूर्णा गावाकडच्या शेतांवर गोडाऊनं उभी राहत होती आणि जमिनी विकलेली माणसं गाड्या घेत होती. त्यांचे किस्से मी हसत हसत सांगतो. दयानंदच्या गाडीचे मात्र सहसा सांगत नाही. आज विषय निघालाच आहे तर सांगतो.

*

दयानंद माझ्या वर्गातला, पूर्णाचा. रस्त्याला लागून असलेलं त्याचं आणि त्याच्या मोठ्या भावाचं शेत गोडाऊनवाल्यांनी घेतलं. दयानंदने मुंबईच्या कुणा हौशी माणसाकडून लाल, दोन दारांची स्पोर्ट्स कार आणली. परदेशी, सेकंडहँड, पोट जमिनीला टेकेल इतकी बुटकी.

त्याच्या घरापर्यंतचा रस्ता कच्चा. पहिल्याच दिवशी गाडी खालून अशी घासली, की दुसऱ्या दिवसापासून तो ती गोडाऊनच्या गेटपाशी लावून घरी चालत जायला लागला. ते गोडाऊन त्याच्याच शेतावर उभं होतं. वॉचमन नवीन. रोज विचारायचा, "किससे मिलना है?"

"माझ्याच शेतात मी परमिशन काढून गाडी लावतोय," दयानंद मला हसत सांगायचा. मीही हसायचो.

*

मग त्याच्या डोक्यात सनरूफ शिरलं. मुंबईत कुणाच्या तरी लग्नात नवरा गाडीच्या टपातून बाहेर उभा राहिलेला त्याने पाहिला होता. पण ठरेना. टप एकदा कापला की कापला. चाचाने त्याला पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "सेठ, कपड़ा नहीं है कि रफू कर दूँगा."

तीन सोमवार तो येत राहिला. चाचा खडूने टपावर चौकोन आखायचा, दयानंद चारही बाजूंनी बघायचा आणि रुमालाने पुसून टाकायचा. तिसऱ्या सोमवारी त्याला फोन आला आणि तो चौकोनासकट निघून गेला. गावात बातमी पसरली, की आरटीओने गाडीवर खूण केली, आता जप्त होणार. दोन म्हाताऱ्या त्याच्या आईला धीर द्यायला घरी गेल्या.

*

त्याच्या मोठ्या भावाला आम्ही सगळे हरीदादा म्हणायचो. सहा फुटांच्या वर उंची. एसटीत उभा राहिला तर मान तिरकी करावी लागायची. जमीन विकायची त्याची इच्छा नव्हती. आईने सांगितलं म्हणून सही केली, आणि त्या दिवसापासून तो दयानंदशी बोलायचा बंद झाला. एक घर, एक अंगण, तीन वर्षं.

एकदा दोघे एकाच वेळी माझ्या शेडमध्ये आले. दादाच्या मोपेडची सीट फाटली होती. दोघांच्या मध्ये मी.

"त्याला सांग," दादा मला म्हणाला, "आईची औषधं आणायची हायती."

मी दयानंदकडे वळून सांगितलं. दयानंद मला म्हणाला, सकाळीच आणली म्हणून सांग. मी दादाकडे वळलो. दोघांच्यात हातभराचं अंतर नसेल. चाचा पत्र्यावर हातोडी मारायची थांबवून बघत राहिला.

*

आता हा किस्सा दयानंदला माहीत नाही.

त्याची गाडी पॉलिशसाठी आमच्याकडे होती. दादा मोपेडची सीट न्यायला आला. सीट घेतली आणि लाल गाडीभोवती एक फेरी मारली. मग इकडेतिकडे बघून दार उघडलं आणि अंगाच्या घड्या घालत घालत आत बसला. डोक्यावर टोपी होती, ती टपाला जेमतेम टेकली. पण बसला. पाय लांब केले, समोर हात ठेवला, काचेतून रस्ता बघितला. दोन-तीन मिनिटं तसाच होता; मागून चाचाही बघत होता.

उतरल्यावर मला म्हणाला, "चांगली हाय. त्याला सांगू नको."

मी नाही सांगितलं. शब्द दिला होता, हे एक कारण. दुसरं कारण म्हणजे मला त्यात काही विशेष वाटलंच नाही.

*

पुढच्याच आठवड्यात दयानंद आला. या वेळी गाडीच्या आत बसला आणि वर बघत विचारलं, की सनरूफ बसवलं तर आतली उंची किती कमी होईल. चार बोटं, मी सांगितलं. काच सरकायला मध्ये जागा लागते.

त्याने डोक्यावर हात आडवा धरून वरची जागा मापली. मग म्हणाला, "उंच माणूस बसेल का रे?"

"कोण बसणार आहे?"

"कोण न्हाय. असंच."

मला कळलं होतं तो कुणाबद्दल बोलतोय. पण सनरूफचं खोकं मी मुंबईहून आणून ठेवलं होतं, आणि भिवंडीत तोवर अशा गाडीचा टप कुणी कापला नव्हता. तो आपण कापायचा, हे मी मनात कधीच ठरवून टाकलं होतं. मी म्हणालो, "आरामात बसेल."

चाचाने माझ्याकडे पाहिलं.

*

काम मात्र चाचाने असं केलं, की काच बंद केल्यावर बोट फिरवलं तरी सांधा लागू नये. दयानंद खूश. पहिल्याच दिवशी टप उघडा टाकून भिवंडीतून चक्कर मारायला निघाला आणि लूमच्या गल्ल्यांत शिरला. अर्ध्या तासाने परत आला तो कापसाची तुसं डोक्यावर, मिशांवर, भुवयांवर घेऊन. सीटसुद्धा पांढऱ्या. चाचा ब्रशने त्याला झाडत होता आणि आम्ही तिघं हसत होतो. त्या गाडीवर आम्ही पोटभर हसलो ते तेवढंच.

*

महिन्याभराने दादाच्या मुलीचा साखरपुडा होता, खारबावला, मुलाच्या घरी. सकाळी दहाच्या सुमाराला दयानंद माझ्याकडे गाडी पुसून घेत होता. घरची बाकी मंडळी जीपने पुढे गेली होती. त्याला कुणी चल म्हटलं नव्हतं, आणि जावं की नाही हे त्याचं ठरत नव्हतं.

तेवढ्यात रस्त्यापलीकडून हरीदादा आला. पांढरा लेंगा, पांढरा सदरा, हातात पेढ्यांचा बॉक्स. मला वाटलं, आता पुन्हा मध्ये उभं राहायचं. पण तो माझ्याकडे आलाच नाही. सरळ दयानंदसमोर जाऊन उभा राहिला.

"दया," तो म्हणाला, "मना खारबावला सोड."

दयानंदच्या हातातलं फडकं खाली पडलं. त्याने धावत जाऊन दार उघडलं, सीट पार मागे सरकवली, पेढ्यांचा बॉक्स आपल्याकडे घेतला. दादा टोपी काढून हातात धरून आत बसला. मान सरळ होईना. डावीकडे कलला, उजवीकडे कलला. दयानंदने सीटची पाठ मागे पाडली. मग घाईघाईने काच उघडली, तर उघड्या जागेची कड बरोबर कपाळावर आली. दादा हनुवटी छातीला लावून, स्वतःच्या गुडघ्यांकडे बघत बसून राहिला. दयानंदने गाडी चालू केली, थोडी पुढे घेतली. खड्डा आला. दादाचा हात डोक्यावर गेला.

गाडी थांबली. दादा सावकाश उतरला. टोपी घातली, पेढ्यांचा बॉक्स मागून घेतला.

"ऱ्हाऊ दे," म्हणाला. "तू केलीस ती तुझ्या मापानं केलीस."

आवाज चढला नव्हता. नाक्यावर खारबावची शेअर रिक्षा एका माणसासाठी थांबली होती. तो पुढे ड्रायव्हरशेजारी बसला आणि रिक्षा गेली.

दयानंद कितीतरी वेळ उघड्या दारापाशी उभा होता. मग माझ्याकडे आला.

"टप कापायच्या आधी बसला असता का रे तो?"

चाचा माझ्याकडे बघत होता.

"नसता बसला," मी म्हणालो. "तेव्हाही नसता बसला."

चाचा हातोडी ठेवून आत निघून गेला.