मांडीखालचे हात

गंगापूर रोडवरच्या त्या थेरपिस्ट मॅडम पेशंटची धडपड सुरू झाली की स्वतःचे दोन्ही हात मांडीखाली दाबून बसतात. बुटाची नाडी बांधणारं पोर असो, नाहीतर शर्टाच्या गुंडीशी झगडणारे आजोबा, त्या फक्त "हं, चालू द्या," म्हणतात. मला आधी त्या निष्ठुरच वाटल्या.

अर्धांगवायूने माझ्या आईचा उजवा हात लुळा पडला होता. मॅडमनी दिलेले रंगीत ठोकळे तिने ढकलून दिले. "मी काय बारकं पोर हाय का?"

आई देवळ्याची, सगळा जन्म कांद्यात गेलेला. पुढच्या वेळी मॅडमनी सतरंजीवर कांदे ओतले आणि स्वतःच निवडायला बसल्या. एक सडका कांदा त्यांनी आईच्या उजवीकडे, चांगल्यांत टाकला. मुद्दाम की चुकून, मला अजून कळलेलं नाही.

"ओ ताई, त्या एकापायी सगळी रास नासंल," आई करवादली, आणि तिचा उजवा हात हळूहळू सरकू लागला. मी मदतीला वाकलो.

"दादा, हात मागे."

बऱ्याच वेळाने तो कांदा बाहेर आला.

परतताना रिक्षात आईचा पदर घसरला. तिच्या उजव्या हाताची बोटं तो चाचपू लागली. मी माझे हात मांडीखाली दाबले आणि समोर बघत राहिलो.