उशाकडची बटणं

वाफबाईला तिच्या पोटच्या लेकीने दारातच थांबवलं. हातातली पिशवी बाहेरच्या खिळ्याला अडकवायला लावली, चपला काढून ठेवल्या त्याही हातभर लांब सरकवल्या आणि तिला थेट न्हाणीघरात नेलं. तिथे धुतलेला गाऊन तयार होता. वाफबाईने अंगावरचे कपडे उतरवले, लेकीने ते दोन बोटांनी उचलून प्लास्टिकच्या पिशवीत टाकले आणि पिशवीच्या तोंडाला गच्च गाठ मारली. एवढं सगळं झालं तेव्हा कुठे नात तिच्या मांडीवर आली.

"आई, राग मानू नकोस," लेक म्हणाली, "पण तुझ्याकडचं ते पूर्ण जाईपर्यंत मी बाळाला घेऊन राहायला येणार नाही. आणि तू आलीस की दर वेळी हे असं करावं लागेल."

राग मानू नकोस म्हटलं की जो राग येतो, तो वाफबाईला आला. लेकीने ढेकूण हा शब्दसुद्धा उच्चारला नव्हता. 'ते' म्हणाली होती. जावई कामानिमित्त काही महिने परगावी जाणार, लेकीची रजा संपणार, तेव्हा मायलेकींनी वाफबाईकडे येऊन राहायचं हे कधीचं ठरलं होतं. त्यासाठी वाफबाईने कामावरच्या पाळ्या बदलून घेतल्या होत्या आणि बदलून घेताना दोघीतिघींशी भांडणही केलं होतं. आता ते सगळं पाण्यात जाणार होतं. नाहीतर बाळ एखाद्या परक्या बाईकडे वाढणार आणि आजी आठवड्यातून एकदा दुसऱ्याचा गाऊन घालून त्याला बघून येणार. परतीच्या वाटेवर तिला एवढं रडू आलं की ती एक थांबा आधीच उतरली आणि चालत घरी गेली.

तिचं काम काय होतं हे कळल्याशिवाय या अपमानाची गोडी कळणार नाही. ती इस्पितळाच्या धुलाईखान्यात होती. अख्ख्या इस्पितळाच्या चादरी, अभ्रे, डॉक्टरांचे झगे तिच्या हाताखालून जायचे, उकळत्या पाण्यातून निघायचे आणि कडक होऊन बाहेर पडायचे. दिवसभर वाफेत वावरायची म्हणून तिथल्या लोकांनी तिला वाफबाई म्हणायला सुरुवात केली, आणि तिचा स्वभाव बघून ते नाव कायम केलं. इस्पितळाच्या चादरीवर पिवळट डाग राहिला तर ती चादर धुणाऱ्याच्या अंगावर फेकायची. आणि या बाईच्या स्वतःच्या पलंगात ढेकूण.

सुरुवात झाली ती दंडावरच्या गांधींनी. एका ओळीत तीन-चार लाल गांधी, खाजवून खाजवून रक्त येईल अशा. धुलाईखान्यातला नवा साबण बाधला असेल असं तिला वाटलं. मग मानेवर उठल्या, मग पाठीवर. डासांच्या म्हणाव्यात तर एकही डास गुणगुणत नव्हता. तिने नवऱ्याला दाखवलं. नवरा गल्लीच्या तोंडाशी, घराखालच्याच छोट्या गाळ्यात सोफे आणि खुर्च्या नव्याने मढवून द्यायचा. लोक त्याला गादीमास्तर म्हणत. त्याने चष्मा वर करून तिचा दंड पाहिला आणि स्वतःचा दंड तिच्यासमोर धरला. केस, तीळ, एक जुना खिळा लागल्याचा व्रण, बाकी काही नाही.

"मला तर काही चावत नाही," तो म्हणाला. "तुझं रक्त तापट आहे, त्याचं हे असणार."

हे वाक्य त्याने त्या वर्षात इतक्यांदा म्हटलं की वाफबाईला ते झोपेतही ऐकू यायला लागलं. एकाच पलंगावर दोघं झोपतात, एकीची चाळण होते आणि दुसऱ्याला ओरखडाही नाही, हे काय गौडबंगाल आहे ते तिला कळेना. आपल्यालाच काही रोग जडलाय की काय अशी शंका येऊन ती कातडीच्या डॉक्टरांना दाखवून आली. त्यांनी मलम दिलं. मलमाने गांधी चमकायला लागल्या, गेल्या मात्र नाहीत.

मग एका सकाळी चादर बदलताना तिला गादीच्या शिवणीवर काळे ठिपके दिसले, बॉलपेनाचं टोक टेकवून ठेवावं तसे. शिवण उलटून पाहिली तर आत एक चपटा, तपकिरी प्राणी निवांत बसला होता. तिने तो नखाखाली चिरडला. तो उग्र, गोडसर वास नाकात गेला आणि तिच्या लक्षात आलं की हा वास गेले कित्येक दिवस खोलीत आहे आणि आपण खिडकी उघडून गटाराला शिव्या घालतोय.

त्यानंतर जे सुरू झालं त्याला युद्ध म्हणायचं तर शत्रूने लढायला हवं. हे लढत नव्हते, लपत होते. ढेकूण म्हटलं की ज्याच्या त्याच्या जिभेवर एक उपाय तयार असतो. नणंदेने फोनवर रॉकेल सांगितलं. धुलाईखान्यातल्या एकीने कडुलिंब, दुसरीने कापूर, तिसरीने तर दिवा चालू ठेवून झोपायला सांगितलं, कारण म्हणे ते उजेडाला घाबरतात. वाफबाईने सगळं केलं. रॉकेलच्या वासाने डोकं दुखलं, कापराने शिंका आल्या आणि दिव्याच्या उजेडात ढेकणांना तिचा दंड अधिक चांगला दिसला असावा. दुकानातून फवाऱ्याची बाटली आणून तिने पलंगाच्या फटीफटीत मारली, तेव्हा चार दिवस शांतता होती. पाचव्या दिवशी ते भिंतीवरच्या घड्याळामागे सापडले.

मग ती पुढच्या खोलीतल्या दिवाणावर झोपायला लागली. आठवड्याभरात दिवाणातही ढेकूण. मग तिने गादी टाकून दिली. जुनी गादी जिन्यावरून घासत खाली नेली, नवी आणली, आणि महिन्याने नव्या गादीच्या शिवणीवर तेच काळे ठिपके. त्या दिवशी ती गादीवर बसून आधी हसली आणि मग तिने उशी भिंतीवर फेकली. गादीमास्तर दारात उभा होता. मला तर काही चावत नाही, असं तो म्हणायला गेला आणि दुसरी उशी बघून गप्प झाला.

लेकीच्या घरून आल्यावर मात्र तिने नमतं घेतलं आणि फवारणीवाल्याला बोलावलं. इतके दिवस बोलावलं नव्हतं, कारण त्याची पाटी रंगवलेली गाडी दाराशी उभी राहिली की गल्लीला वाचता येतं. तो आला, टॉर्च मारत सगळीकडे फिरला आणि तिने वर्षभर केलेली एकेक गोष्ट कशी चूक होती ते त्याने न विचारता सांगितलं. हा प्राणी माणसाच्या श्वासामागे येतो, म्हणून जागा बदलून झोपलात तर तो दुसऱ्या खोलीत आपोआप पसरतो. बाटलीतल्या फवाऱ्याने समोरचे मरतात आणि बाकीचे आणखी आत घुसतात. गादी टाकायचीच तर प्लास्टिकमध्ये बांधून न्यायची, जिन्यावरून घासत नाही. एका फवारणीने अंडी मरत नाहीत, ती फुटली की पुन्हा फवारावं लागतं. चावलेलं प्रत्येकाच्या अंगावर उठतंच असं नाही. या शेवटच्या वाक्याला वाफबाईने नवऱ्याकडे वळून पाहिलं. नवरा खिडकीबाहेर बघत होता.

मग फवारणीवाल्याने टॉर्च उशाकडे नेला. पलंगाच्या उशाला गादीमास्तरच्या हातची मढवलेली पाठ होती. वाफबाईची कंबर धरायला लागली तेव्हा तिला टेकून बसता यावं म्हणून त्याने ती केली होती आणि गेल्याच वर्षी डाळिंबी रंगाचं नवं कापड लावून पुन्हा भरली होती. ओळीने बटणं, प्रत्येक बटण खोल ओढलेलं, मधल्या घड्या चुण्या न पडता चौकोनी बसलेल्या. असं काम करणारा आता गावात दुसरा नाही असं तो म्हणायचा, आणि ते खरंही होतं. आलेल्या गिऱ्हाईकाला तो कधी कधी वर आणून ती पाठ दाखवायचा.

"ही उघडायला लागेल," फवारणीवाला म्हणाला.

गादीमास्तरला ते फार लागलं. मग त्याने समजावून सांगितलं. बाजारात मिळतं तसलं हे ढिसाळ काम नाही. सुतळी दुहेरी ओढली आहे, या घडीत दाभणाचं टोक जायला जागा नाही, तिथे ढेकूण काय जाणार. फवारणीवाल्याने खांदे उडवले. त्याला पुढच्या घरी जायचं होतं. त्याने पाठीवर वरवर फवारा मारला, बाकीचं घर मन लावून फवारलं आणि गेला. वाफबाईनेही त्याला जाऊ दिलं. खरं सांगायचं तर ती पाठ तिलाही आवडायची. घरातली तेवढी एकच गोष्ट तिच्यासाठी म्हणून केलेली होती.

दुसरी फवारणीही झाली आणि गांधी पुन्हा उठल्या.

सुट्टीचा दिवस होता, भर दुपार, खिडकीतून ऊन थेट उशावर पडलं होतं. वाफबाई नवऱ्याचं दाभण घेऊन पलंगावर गुडघे टेकून बसली आणि तिने पहिल्याच बटणाच्या कडेला दाभणाचं टोक घालून कापड उचललं. टोक आत जायला जागा होती. भरपूर होती. आत ढेकूण एकाला एक चिकटून बसले होते, लहान, मोठे, कोऱ्या कागदासारखी पांढुरकी पिल्लं, त्यांच्या टाकलेल्या काती, रव्याच्या कणांसारखी अंडी. तिने दुसरं बटण उचललं. तिसरं. मग दाभण खाली ठेवून, खिडकीतून गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात तिने नवऱ्याला हाक मारली.

तो हातात कापडाचा तुकडा घेऊनच आला. त्याने चष्मा लावला, वाकला आणि बराच वेळ वाकलेलाच राहिला. तिच्या बाजूच्या बटणांत होते त्याच्या दुप्पट त्याच्या बाजूच्या बटणांत होते. वर्षभर त्यांनी त्याला रोज खाल्लं होतं, त्याच्या कातडीने फक्त तक्रार केली नव्हती.

"मी यात काथ्या भरला होता," तो शेवटी म्हणाला. "एका जुन्या सोफ्यातून काढलेला. हल्लीचा फोम वर्षात बसतो. तो काथ्या चांगला होता गं, उन्हातही घातला होता."

वाफबाईला कळायला वेळ लागला नाही. नव्या मालावर विश्वास नाही म्हणून या माणसाने कुणाच्या तरी सोफ्याचं पोट फाडून त्यातला माल घरी आणला होता आणि स्वतःच्या बायकोच्या उशाला शिवला होता. उत्तम शिवला होता. इतका उत्तम की वर्षभर औषध आत पोचलं नाही.

मग ती बोलली. कातडीच्या डॉक्टरपासून सुरुवात केली, टाकलेली गादी, रॉकेल, तापट रक्त, काहीही सोडलं नाही. समोरच्या घराची खिडकी हळूच उघडली, मग नीट ऐकून घेऊन लागली. लेकीच्या न्हाणीघरापाशी येऊन मात्र तिचा आवाज फुटला. "मला माझ्या नातीला घ्यायला कपडे उतरवावे लागतात," ती म्हणाली. "माझे कपडे ती दोन बोटांनी उचलते. माझे."

ती बोलत असतानाच गादीमास्तर खाली जाऊन पक्कड आणि जाड प्लास्टिक घेऊन आला होता. त्याने पलंगाखाली प्लास्टिक पसरलं, स्क्रू सोडवून पाठ त्यावर उतरवली आणि सुतळी कापायला सुरुवात केली. एकेक बटण सुटलं की त्याभोवतीचं ओढलेलं कापड मलूल पडायचं. कापड, काथ्या, बटणं, सगळं त्याने प्लास्टिकमध्ये गुंडाळून वर दोरी आवळली आणि जिन्याला न घासता, लहान मूल उचलावं तसं छातीशी धरून खाली नेलं. लाकडाची उघडी फळी राहिली, तिच्या भेगाभेगांतून वाफबाईने किटलीने उकळतं पाणी ओतलं. ते काम तिला येत होतं.

फवारणीवाला पुन्हा आला. त्याने गादीला चेन लावलेली अखंड खोळ घालायला लावली, पलंग भिंतीपासून ओढला, चारही पायांखाली पसरट वाट्या ठेवून त्यांत थोडं तेल घातलं, म्हणजे चढू पाहणारा त्यात अडकेल. वाफबाई रोज सकाळी आधी त्या वाट्या बघायची आणि मग चहा ठेवायची. सुरुवातीला एखादा दिसायचा. मग दिसेनासे झाले. तरी तिचा विश्वास बसेना, वाटीत काही नसलं की तिला जास्तच संशय यायचा. गादीमास्तरने एकदा चाचरत विचारलं की फळीवर नवा फोम लावून पातळशी पाठ करू का. तिने त्याच्याकडे नुसतं पाहिलं आणि तो विषय तिथेच संपला. कंबरेला ती आता उशी घ्यायची, रोज उकळून काढलेल्या अभ्र्याची.

फवारणीवाल्याने शेवटची चक्कर मारून घर स्वच्छ असल्याचं सांगितल्यावर लेकीला फोन गेला. ती आली तेव्हा कडेवर बाळ, खांद्यावर एक पिशवी, मागे रिक्षावाल्याच्या हातात दोन. तिने उंबरठ्याकडे पाय उचलला आणि वाफबाईने दारात हात आडवा केला.

"पिशव्या बाहेर राहू देत," ती म्हणाली. "न्हाणीघरात गाऊन ठेवलाय. अंगावरचे कपडे प्लास्टिकमध्ये घाल आणि गाठ मार. बाळाला दे इकडे, तिचंही मीच बघते."

लेक बघतच राहिली. गादीमास्तर तिच्या मदतीला पुढे झाला होता, तो अर्ध्या वाटेत थांबला.

"आई, माझ्या घरी काही नाहीये," लेक म्हणाली.

"माझ्याही घरी नव्हतं," वाफबाई म्हणाली आणि तिने नातीला घेतलं. लेकीने बापाकडे पाहिलं. बाप खिडकीबाहेर बघत होता. मग तिने चपला काढल्या, हातभर लांब सरकवल्या आणि मुकाट्याने न्हाणीघरात गेली.