पाव तोळ्याची फिरकी

माझे सासरे कट्टर शाकाहारी लिंगायत. लातूरला त्यांचं बादल्या, दोर, खिळे, कुलपं असं दुकान होतं. मी त्यांना मामा म्हणत असे. आमच्या घरात अंड्याचं नाव निघालं तरी आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, देवघराचं दार लोटून घेत. अशा घरातल्या माणसानं साठी उलटल्यावर एका उन्हाळ्यात मासे पकडायचं ठरवलं, आणि तेही जिल्ह्यात कुठं ओंजळभर पाणी नसताना. ऐकून माझं डोकं फिरलं. पण गळाची काठी निवडून आणली ती शेवटी मीच.

कारण होतं त्यांचा एक बालमित्र. तो फौजेत गेला आणि निवृत्त झाल्यावर बायकोच्या माहेरी, तिकडं हिमाचलात, राहिला. पोरवयात दोघं मांजरा नदीवर जात. मित्र पाण्यात उभा राहून गळ टाके, आणि मामा बापाच्या धाकानं लांब काठावर बसून नुसते बघत. दिवाळीनंतर उदगीरला एका लग्नात दोघं भेटले. मित्र म्हणाला, "औंदा ये. आमच्याकडं डोंगरातल्या ओढ्यात ट्राउट असतंय. दोघं शेजारी शेजारी उभं राहून गळ टाकू. धरायचं अन् सोडून द्यायचं, पाप न्हाई." मामांचा सगळा जन्म गल्ल्यामागं गेला होता. माल आणायला हैदराबाद आणि देवाला श्रीशैल, यापलीकडं ते कुठं गेले नव्हते. मित्राशेजारी एकदा उभं राहायचं, एवढंच त्यांच्या मनानं घेतलं. बसवजयंती झाली की निघायचं ठरलं.

"सोडूनच द्यायचाय तर धरायचा कामून?" आत्याबाईंनी विचारलं. मामांनी चपला घातल्या आणि ते मित्राला फोन लावायला निघाले.

सामान काय लागेल ते मित्रानं शेजारच्या अडतीवरच्या फोनवर ओरडून सांगितलं. मामा प्रत्येक वाक्य पुन्हा मोठ्यानं म्हणत, त्यामुळे अडतीवरच्या हमालांनाही ट्राउटची पुरती माहिती झाली. काठी माणसाच्या उंचीची हवी, पण हातात घेतल्यावर जाणवू नये इतकी हलकी. वाकलं पाहिजे ते पुढचं टोक, दांडा नव्हे. तंगूस, म्हणजे गळाचा नायलॉनचा दोरा, केसाएवढा बारीक, कारण डोंगरातलं पाणी काचेसारखं आणि मासा संशयी. आमिष दोन तऱ्हेचं. पाणी गढूळ असेल तर गांडूळ, नितळ असेल तर फिरकी, म्हणजे ओढताना पाण्यात गरगर फिरणारं चकचकीत पातं. गांडूळ म्हणजे जीव, तेव्हा ते बाद झालं. फिरकी धातूची, म्हणून तिला घरात प्रवेश मिळाला.

माझं माहेर नांदेड. गोदाकाठची पोर म्हणजे हिला माशांतलं कळणारच, असं मामांनी परस्पर ठरवून मला काठी आणायला तिकडं पाठवलं. जाळी, सुतळी आणि पतंगाचा मांजा विकणाऱ्या एका म्हाताऱ्या चाचांच्या दुकानात मी पदर सावरत शिरले. आजूबाजूला ओळखीचं कुणी नाही ना, हे आधी पाहून घेतलं. चाचांनी मनगटाएवढ्या जाड काठ्या पुढं केल्या.

"दस किलो की कतला खींचती, बेटा."

मी म्हटलं, हलकी पाहिजे. मासा केवढा, त्यांनी विचारलं. मी वीतभर हात दाखवला. कुठं धरणार म्हणाले, तर मी हिमालय सांगितलं. चाचांनी चष्मा पुसला. "इत्ते से वास्ते हिमालय कायकू जाते? यहींच से टोकरी भर के ले जाओ ना." तरी त्यांनी आतून एक बारीक काठी काढली, दोन तुकड्यांत सुटणारी. कुणीतरी मागवून परत फिरकलाच नव्हता म्हणे. मी टोक छताला टेकवून दाबलं. टोक वाकलं, दांडा सरळ राहिला. हिरव्या भाजीशिवाय आयुष्यात काही पारखलं नव्हतं, पण त्या वेळी मला स्वतःचा फार अभिमान वाटला. तंगूस गुंडाळायची लहानशी चरखी आणि तंगुसाचं रीळ घेऊन मी एसटीत बसले. कंडक्टरनं काठीला टीव्हीचा एरियल समजून तिचं सामानाचं तिकीट फाडलं.

आयुष्यभर विहिरीचे दोर विकलेल्या मामांचा त्या तंगुसावर विश्वास बसेना. त्यांनी दुकानातलं किलोचं माप त्याला टांगून पाहिलं. फिरकी मात्र त्यांनी स्वतः केली. आत्याबाईंच्या रुखवतातल्या चमच्याचं टोक कापलं, कानस मारली, तारेवर बसवलं. गळाला मागं वळलेला बारीक काटा असतो, तोही घासून टाकला, माशाला सुटताना लागू नये म्हणून. मित्रानं वजन तीन ग्रॅम सांगितलं होतं. आमचा तराजू खिळ्यांचा, म्हणून मामा ती फिरकी घेऊन सराफ्यात गेले. सोनारानं ती गंभीरपणे तोलली आणि म्हणाला, "पाव तोळा. घडणावळ कोन घेतलं?"

"मीच केलो."

"नाकातली हाय का कानातली?"

"तोंडातली," मामा म्हणाले. "माशाच्या."

आता सराव. पहिल्या दिवशी गच्चीवरून फेकलेल्या फिरकीनं शेजाऱ्यांचं वाळत घातलेलं धोतर आमच्या अंगणात आणलं. आत्याबाईंनी मामांना काठीसकट घराबाहेर काढलं. मग ते रोज पहाटे सायकलवरून मांजरेच्या पात्रात जाऊ लागले. पात्र म्हणजे नुसते गोटे आणि भेगा. उदगीरच्या लग्नात मित्रानं दिलेली खाकी हॅट घालून ते मधोमध उभे राहत, फिरकी फेकत, चरखी फिरवून ती गोट्यांवरून खडखड ओढून घेत. नाश्त्याचे धपाटे पोचवायला मी जात असे.

जिल्हा तेव्हा नवा होता. रोज एखादी नवी कचेरी, नवी पाटी, नवा साहेब. कोण कुणाचा साहेब हे कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यात हॅट घातलेला माणूस कोरड्या नदीत दोरी टाकून काही मोजताना दिसल्यावर काठावरच्या वस्तीनं काय समजायचं ते समजून घेतलं. एका सकाळी मी गेले तर मामांच्या मागं चार घागरी ओळीनं ठेवलेल्या. पुढच्या सकाळी घागरींची शेपटी पार काठावर चढलेली.

"कशाचा नंबर लावलाय?" मी एका म्हातारीला विचारलं.

"साहेब मोजायलेत. कायतर येतंय."

"साहेब न्हाईत ते. माझे सासरे हायेत."

"असू द्या की. साहेबाला सून नसती का?"

मी मामांना सांगितलं, तर ते म्हणाले, सरावात बोलू नको, हात चुकतो. आणि तेवढ्यात खरोखरच टँकर आला. एवढी रांग म्हणजे टँकर थांबवायची ठरलेली जागाच, असं ड्रायव्हरला वाटलं असावं. त्यानं पाइप सोडला. बायांनी घागरी भरल्या, मामांना हात जोडले आणि गेल्या. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी मामा तापानं घरी पडले. पात्रात हॅट दिसली नाही, म्हणून टँकर सरळ पुढं निघून गेला.

दोन दिवसांनी ताप उतरून मामा गल्ल्यावर बसले, तेव्हा बाया पत्ता काढत दुकानावर आल्या. बादल्या-कुलपांमध्ये बसलेला आपला साहेब पाहून त्यांना जराही आश्चर्य वाटलं नाही. म्हातारी म्हणाली, "मालक, तुमी उभं ऱ्हायल्याबिगर टँकर थांबंना. उद्या येताव ना?"

"येतो," मामा म्हणाले.

बसवजयंती जवळ आली. तिकीट काढलेलं होतं, आत्याबाईंनी शेंगदाण्याच्या चटणीचा डबाही भरला होता. मी मामांना बजावलं, तुम्ही जा, हॅट एखाद्या बुजगावण्याला घालू. ते म्हणाले, ड्रायव्हर येडा न्हाई, बुजगावणं फिरकी टाकत न्हाई. मला त्या बायांची दया येत होती आणि त्यांच्यावरच चीडही येत होती. एका माणसानं जन्मात एकदा काही मागितलं होतं.

मामांनी तिकीट परत केलं आणि अडतीवरून फोन लावला. मी शेजारीच उभी होते.

"येता येत न्हाई रे. मागं रांग लागलीय."

पलीकडच्याचा आवाज बाहेरपर्यंत येत होता. "कशाची रांग?"

"घागरीची."

"तू काय करायलास तिथं?"

"गळ टाकायलो."

"नदीला पाणी आलं?"

"न्हाई."

पलीकडून मग फोन ठेवल्याचा आवाज आला. मामा दुकानात येऊन खिळे निवडत बसले. मला त्यांच्याकडं बघवेना.

पुढच्या आठवड्यात मित्र स्वतःच दारात उभा. हातात काठी, पण ती गळाची नव्हे, टेकायची. "ज्याच्यापायी मला नाही म्हणालास ती रांग दाखव," एवढंच तो म्हणाला. पहाटे आम्ही त्याला रिक्षानं नदीवर नेलं. त्यानं घागरी पाहिल्या, फिरकी तळहातावर घेऊन पाहिली, मामांचं फेकणं पाहिलं. "वरच्या अंगाला टाक," तो म्हणाला. "अन् धारेपेक्षा थोडी जल्दी ओढ." मामांनी वरच्या अंगाला टाकली. फिरकी गोट्यांवरून खडखडत आली.

"तुज्याकडं पाणी कसंय औंदा?" मामांनी विचारलं.

"लई जोर हाय पाण्याला." मित्र आपल्या गुडघ्याकडं बघत होता. "संक्रांतीपासून उतरलोच न्हाई. पाय टिकत न्हाई धारंत. तू आला असतास तर मी काठावर बसून तुलाच बघितलो असतो."

मामांनी चरखी फिरवायची थांबवली.

मित्रानं टेकायची काठी माझ्या हाती दिली, दोन पावलं पुढं टाकली आणि गोट्यांत पाय रोवले. "हिथं उभं ऱ्हाता येतंय," तो म्हणाला. मला रडू आवरेना, म्हणून मी पाठ फिरवून धपाट्यांचा डबा उघडत राहिले.

मामा जरा सरकले आणि त्यांनी त्याला शेजारी जागा करून दिली. मागच्या बायांनी मग आपल्या घागरी उचलल्या आणि दोन रांगा केल्या.